घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत या चुका टाळा

पाळलेल्या जनावराला उपाशी ठेवायची आपल्या कोल्हापूरकडं रीत नाही. इथल्या घरांत कुत्र्या-मांजरांना त्रास होतो तो बहुतेकदा मायेपोटी. आपल्या ताटातलं घातलं, आपल्या डब्यातली गोळी दिली, गोठ्यातलं औषध अंगाला चोळलं. त्यांचं शरीर आपल्यासारखं चालत नाही, एवढं ध्यानात घेतलं तरी यातल्या बऱ्याच चुका टळतील.

उरलेला रस्सा

मटण झालं की तळाचा तांबडा रस्सा भाकरीत कुस्करून कुत्र्यापुढं ठेवायचा आणि हाडं वेगळी टाकायची, हे घरोघरी चालतं. आखाडात तर जरा जास्तच. पण आपला रस्सा कांदा-लसूण चटणीशिवाय होत नाही आणि कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून, वाळवून किंवा कुटून हा गुण जात नाही. मांजराला वजनाच्या किलोमागे ५ ग्रॅम कांदाही बाधतो, म्हणजे ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम पुरे. कुत्र्याला किलोमागे १५ ते ३० ग्रॅम. लसूण तर त्याहून तीव्र. पांढरा रस्सा तिखट नसला तरी लसूण त्यातही असतोच.

घोटाळा असा की त्रास त्या दिवशी दिसत नाही. तीन-चार दिवसांनी जनावर मलूल होतं, हिरड्या फिकट पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते. तोवर रविवारचा रस्सा कुणाला आठवतही नाही. असं दिसलं तर डॉक्टरांना मागच्या आठवड्याभरात काय काय खायला घातलं ते आठवून सांगा. त्यावरून निदान लवकर होतं.

हाडाचं वेगळंच. शिजलेल्या हाडाच्या टोकदार चिरफळ्या होतात आणि त्या घशात नाहीतर आतड्यात रुततात. कोंबडीची हाडं त्यातही वाईट. मटण घालायचंच असेल तर मीठ-मसाला पडायच्या आधी चार तुकडे साध्या पाण्यात उकडून बाजूला काढा आणि हाड काढून नुसतं मांस द्या.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला अजिबात नकोत. सांगली-तासगाव शेजारीच असल्यानं बेदाणे आपल्या घरात नेहमीच असतात, आणि त्यांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. चॉकलेटही नको.

मांजराला दूध-भाकरीवर वाढवणं ही चूक मला फार सलते, कारण ती प्रेमानं केली जाते आणि वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. मांजर पक्कं मांसाहारी. मांस-मासळीतलं टॉरिन हे पोषकद्रव्य पोटात गेलं नाही तर त्याची नजर जाते, हृदय कमकुवत होतं. दुधानं तर बऱ्याच मोठ्या मांजरांना जुलाबच होतात. रोजच्या जेवणाला मांजरासाठीचं तयार खाद्य आणि जोडीला उकडलेलं चिकन किंवा मासे, एवढ्यावर मांजर छान राहतं.

तापाची गोळी

पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. हे औषध निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीनं मांजर दगावू शकतं. हिरड्या तपकिरी-निळसर होणं, तोंड आणि पंजे सुजणं, धाप लागणं ही लक्षणं. गोळी दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न बघता तडक दवाखाना गाठा, यावर उतारा आहे. कुत्र्याला आयब्युप्रोफेन ही अंगदुखीची गोळी देऊ नका, पोटात जखमा होतात आणि किडनीही जाते.

बरं, ताप आहे हे ठरवलं कशावरून? नाक कोरडं आणि अंग गरम, एवढ्यावरून. या दोघांचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळं आपल्या हाताला ते गरमच लागणार. साधा डिजिटल थर्मामीटर जनावरासाठी वेगळा ठेवा आणि गुदद्वारातून ताप मोजायला डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या.

गोचीड

म्हशीसाठी आणलेलं गोचिडाचं औषध कुत्र्याला अंदाजानं लावणं धोक्याचं. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब मांजराला लावणं त्याहून धोक्याचं. त्यात बऱ्याचदा असणारं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला सोसत नाही, अंगाला कंप सुटतो, झटके येतात. औषध लावलेल्या कुत्र्याला मांजर बिलगून झोपत असेल तर थेंब पूर्ण वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. गोचीड काडीनं जाळू नका, रॉकेल ओतू नका. चिमट्यानं कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा.

नुसतं कुत्र्याचं अंग साफ करून भागत नाही. मादी अंडी घालते ती भिंतीच्या फटीत, कोपऱ्यात, अंथरुणाखाली, आणि ती हजारोंनी असतात. घराचाही बंदोबस्त करा. कुत्रं जेवेना, ताप आला, नाकातून रक्त आलं, पोटावर बारीक लाल ठिपके दिसले तर गोचीड तापाची शंका घेऊन रक्त तपासून घ्या. त्यात नेहमी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस चालते. पाचव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक गोळ्या थांबवतात. आजार उलटतो तो इथंच.

लस

पिल्लू आणलं की दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर मिरवायला न्यायचा मोह आवरा. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. पहिली लस सहा-आठ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण १६ आठवड्यांपर्यंत. एकच सुई देऊन थांबलात तर संरक्षण अर्धवट राहतं, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला नीट काम करू देत नाही.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, आणि घराबाहेर न जाणाऱ्या मांजरालाही. तरीही चावलं किंवा ओरखडलं तर जखमेवर तिखट नको, चुना नको. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी कोल्हापुरातल्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जा.

घरगुती उपाय

खरजेवर जळकं ऑइल चोळू नका. जनावर ते चाटतं आणि कातडीही भाजते. पावसाळ्यात जखमेत आळ्या पडल्या की डांबर गोळ्या कुटून भरतात किंवा फिनेल ओततात, दोन्ही विषारी. जखमेवर स्वच्छ कापड ठेवा आणि दवाखान्यात न्या. उसाच्या रानातलं किंवा घरातलं उंदराचं औषध खाल्लं असेल तर दूध, तूप, मिठाचं पाणी काहीही पाजू नका. औषधाचं पाकीट घेऊन निघा.

बोका लघवीला वारंवार बसतो, ओरडतो आणि थेंबही येत नाही? हा मुतखड्यासारखा अडथळा आहे, बद्धकोष्ठ नव्हे. सकाळपर्यंत थांबू नका, एक-दोन दिवसांत जीव जातो.

पूर

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेलं की आपण कागदपत्रं आवरायला लागतो. धोक्याची पातळी ४३ फुटांची. त्याच वेळी मांजराचा पिंजरा, कुत्र्याचा पट्टा, लसीकरणाचं कार्ड आणि आठवड्याचं खाद्य एका पिशवीत भरा. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी किती झपाट्यानं चढलं ते शिवाजी पूल आणि शाहूपुरीकडच्या लोकांना सांगायला नको. घर सोडताना जनावर बरोबर नेता येतच नसेल तर निदान साखळी सोडा. बांधलेल्या कुत्र्याला पोहताही येत नाही.

पाणी ओसरल्यावर उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा जंतूंचा आजार पसरतो. साचलेलं पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नका, त्याची लेप्टोची लस वर्षाच्या वर्षाला घ्या. त्याचे डोळे पिवळे दिसले, उलट्या सुरू झाल्या तर त्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा, कारण हा आजार माणसालाही होतो. डॉक्टरांना कुत्रं पुराच्या पाण्यातून आल्याचं सगळ्यात आधी सांगा.