कुमसार (पाद्रींसमोर पापांची कबुली) करण्याआधी आणि नंतर

वाईट विचार मनात आला म्हणजेच पाप झालं, असं धरून कितीतरी भाविक आयुष्यभर कुढत राहतात. मोह येणं हे पाप नव्हे. अरण्यात ४० दिवसांच्या उपवासानंतर, पोटात भूक असताना, सैतानाने येशूलाही गाठलं होतं. पाप लागतं ते संमती दिल्यावर. चर्चच्या शिकवणीप्रमाणे महापाप ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर असणं, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव, आणि स्वेच्छेने दिलेली संमती.

आता मनातली टोचणी तपासा. ‘शनिवारी पगारातले दोन हजार कॅसिनोत घालवले आणि घरी खोटं सांगितलं’ ही खरी टोचणी. तिला वार आहे, रक्कम आहे, पुढे काय करायचं हेही तिच्यातच आहे. ‘मी मुळातच वाईट’ या वाक्यातून मात्र काहीच करता येत नाही. प्रभू येशूला नाकारल्यावर त्याचा शिष्य पेत्र रडला, येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला. पण पेत्र परत येशूकडे आला.

मोहाशी झुंजायला सर्वांत उपयोगी पडते ती येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची रीत. १५४२ मध्ये गोव्यात आलेले सां फ्रान्सिस झेवियर त्यांचेच सोबती. साधी वही घ्या. एका वेळी एकच दोष निवडा. सकाळी उठताच तो टाळायचा निश्चय करा. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर मागे वळून पाहा आणि जितक्यांदा घसरलात तितके ठिपके द्या. दर दिवसाला दोन ओळी, एक दुपारची, एक रात्रीची. ठिपक्याशेजारी वेळ आणि जागाही लिहावी असं आम्ही सुचवू, कारण आठवड्याभरात मोहाचं वेळापत्रक कागदावर उतरतं: कामावरून परतताना तावेर्नासमोर (दारूच्या गुत्त्यासमोर), रात्री अकरानंतर फोन हातात असताना. मग उपाय सोपे होतात. वाट बदला. फोन चार्जिंगला सालात (दिवाणखान्यात) ठेवा. पणजीच्या मांडवी नदीवरच्या कॅसिनोंची ओढ असेल तर एटीएम कार्ड घरच्यांच्या हवाली करा. पाच दोष एकदम धरले तर वही चौथ्या दिवशी बंद पडते.

कुमसार करण्याआधी पंधरा मिनिटं शांत बसा. महापापं असतील तर प्रकार आणि अंदाजे संख्या सांगायची. सासूने काय केलं, भावाने काय केलं, ते नको. एखादं पाप विसरलं तर पुढच्या वेळी सांगा, कुमसार खोटं ठरत नाही. लाजेने महापाप जाणूनबुजून लपवलं तर मात्र ठरतं. गावच्या विगारासमोर (चर्चच्या मुख्य पाद्रींसमोर) जीभ अडखळत असेल तर दुसऱ्या गावच्या पाद्रींकडे जा, त्यात गैर काही नाही. आणि पाद्री कोणीही असोत, ऐकलेलं उघड करायची त्यांना कधीच मुभा नसते. मिळालेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी पुरं करा, उद्यावर टाकलं की राहून जातं. चोरलेले पैसे मात्र परत करावेच लागतात. पापक्षमेने ते देणं फिटत नाही.

क्षमा झालेलं पाप पुन्हा आठवून जीव खाऊ लागलं तर ते पुन्हा सांगू नका, फक्त आभाराची एक प्रार्थना म्हणा. ‘नीट सांगितलं का?’ ही शंका दर आठवड्याला येत असेल तर एकच पाद्री ठरवा आणि ते ‘पुरे’ म्हणाले की थांबा. खुद्द इग्नेशियस स्पेनमधल्या मान्रेसात असताना याच शंकेने महिनोन्‌महिने पोळले होते. शंकांमुळे झोप किंवा जेवण सुटलं असेल, तीच प्रार्थना पुनःपुन्हा म्हणावी लागत असेल, तर पाद्रींच्या जोडीने मानसोपचारतज्ज्ञालाही दाखवा. हा आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.