विलायती बागकामाचं पुस्तक, नाशिकचे महिने

थंडीत वाचायला घेतलेल्या इंग्रजी बागकामाच्या पुस्तकातले महिने नाशिकला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. म्हणून पेन्सिल घेऊनच बसा.

१. आधी पुस्तक कुठल्या देशातलं ते बघा. ऑस्ट्रेलियातलं असेल तर ऋतूच उलटे.

२. महिना खोडून समासात आपला लिहा. विलायतेत पिटुनिया, फ्लॉक्स ही फुलझाडं वसंतात लावतात. आपण बी सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपट्रेत पेरतो. गुलाबाची छाटणी तिकडे हिवाळ्याच्या शेवटी, इथे पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात. छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांत फुलं.

३. ‘भरपूर ऊन’ असं असेल तिथे ‘एप्रिल-मेमध्ये ५० टक्के शेडनेट’ अशी नोंद करा, निदान कुंड्यांसाठी तरी.

सावध: अमेरिकी पुस्तकांतले झोनचे (हवामानाच्या पट्ट्यांचे) आकडे फक्त थंडी सांगतात, आपला उन्हाळा नाही.