परसातल्या कोंबड्या आणि दारातला कुत्रा: दोघांना एकत्र नांदवायचं कसं

कोंबडी मारणारा कुत्रा बहुतेक वेळा पोटभर जेवलेला असतो. त्यामुळे 'त्याला भरपूर खायला घाला, मग तो कोंबडीला तोंड लावणार नाही' या सल्ल्यात काही दम नाही. समोर काही फडफडलं, पळालं की मागे धावायचं हे त्याच्या रक्तात आहे. आधी रोखून बघणं, मग दबा धरणं, पाठलाग, पकड आणि शेवटी मानेला झटका, असा तो क्रम असतो. शिकवायचं सगळं काम पहिल्या पायरीवर, म्हणजे रोखून बघण्यावर करायचं. एकदा पाठलाग सुरू झाला की हाका मारून घसा बसेल, पण कुत्रा थांबणार नाही.

कुत्र्याने कोंबड्यांशी मैत्री करावी ही अपेक्षाच ठेवू नका. कोंबडी दिसली तरी त्याने मान फिरवावी आणि सावलीत अंग टाकावं, एवढं साधलं की पुरे. त्याला कोंबड्यांचा कंटाळा येईपर्यंत शिकवायचं आहे.

कुत्रा निवडताना

कारवानी, पश्मी आणि मुधोळ ही शिकारी जात. नजरेने सावज टिपून वाऱ्याच्या वेगाने गाठणं यासाठीच ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली. कुत्री देखणी आणि काटक असतात, पण मोकळ्या कोंबड्यांच्या परसात ती आणू नयेत. हस्की, बीगल आणि टेरियर यांच्याबाबतही हेच. लॅब्राडोर शिकतो, फक्त खेळकर असल्याने कोंबडी तोंडात धरून मिरवतो; त्याला मारायचं नसतं, पण कोंबडी मरतेच. जर्मन शेफर्डला हाकलायची खोड असते, मात्र तो माणसाकडे लक्ष ठेवून असतो, त्यामुळे नियमित मेहनत घेतली तर तयार होतो.

बहुतेक घरांसाठी गावठी पिल्लू हाच चांगला पर्याय आहे, पण आई पाहून. ज्या अंगणात कोंबड्या मोकळ्या फिरतात आणि कुत्री त्यांच्यात निवांत पडलेली असते, तिथलं पिल्लू घ्या. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यांसमोर जे रोज असतं ते त्याला घरचं वाटू लागतं. धनगरांची कुत्री मेंढ्यांत का रमतात, याचं मोठं कारण हेच: पिल्लूपणापासून ती कळपातच वाढतात. आठ आठवड्यांच्या आत मात्र पिल्लू आईपासून तोडू नका.

पिल्लू निवडताना चिंधीला दोरी बांधून ती जमिनीवरून झटके देत ओढून बघा. सगळीच पिल्लं धावतील. जे दोनचार उड्या मारून तुमच्याकडे परत येतं ते घ्या. जे चिंधी पकडून मान झटकतं आणि काही केल्या सोडत नाही, ते राखणीला उत्तम ठरेल, पण कोंबड्यांच्या घरी नको. मोठा कुत्रा घेणार असाल तर कोंबड्या जाळीआड ठेवा, कुत्रा पट्ट्यावर धरून 30 फुटांवर उभा करा आणि नावाने हाक मारा. दोनतीन सेकंदांत वळला आणि हातातला खाऊचा तुकडा खाल्ला, तर आशा आहे. तुकड्याचा वासही घेतला नाही, तर तो कुत्रा तुमच्यासाठी नाही.

आधी जाळी, मग शिकवणी

बाजारात 'कोंबडी जाळी' म्हणून मिळणारी षटकोनी, पातळ तारेची जाळी कोंबड्यांना आवरते, पण कुत्रा ती दातांनी फाडतो. खालचे तीन फूट तरी एक इंची चौकोनाची, 14 गेजची वेल्डमेश (जाड तारा जोडांवर वेल्ड केलेली जाळी) लावा. एकूण उंची पाच ते सहा फूट हवी. कुत्रा उकरतो तो नेमका जाळीच्या बुडाशी, म्हणून दीड फूट रुंदीची जाळीची पट्टी बाहेरच्या बाजूने जमिनीवर आडवी अंथरा, कुंपणाला तारेने बांधा आणि वर दगड-माती टाका. उकरायला गेला की पंजा तारेवर अडतो आणि तो नाद सोडतो. साधी कडी नाकाने उचलली जाते. तिच्यात खिळा किंवा हूक अडकवा.

शिकवताना लागतं थोडंच: छातीवर बसणारा हार्नेस, सहा फुटी पट्टा, पंधरा फुटी सुती दोर (नायलॉनचा नको, हाताची साल निघते) आणि एक गोणपाट. खाऊ म्हणून उकडलेलं अंडं, पनीर किंवा कलेजी, शेंगदाण्याएवढे तुकडे करून. उकडलेलं अंडं दिल्याने अंडी चोरायची सवय लागते असा समज आहे. खरी सवय लागते ती आडोशाला घातलेल्या आणि वेळेत न उचललेल्या अंड्यांनी. दिवसातून दोनदा अंडी गोळा करा.

पहिला आठवडा कोंबड्यांशिवाय, घरातच. नाव घेतलं की बघणं, गोणपाटावर 'जागेवर' म्हणताच बसून राहणं, आणि 'सोड'. 'सोड' असं शिकवा: मुठीत तुकडा धरा, तो चाटेल, पंजा मारेल, तुम्ही हलू नका. ज्या क्षणी तोंड मागे घेईल त्या क्षणी 'सोड' म्हणा आणि दुसऱ्या हातातला तुकडा द्या. मुठीतला कधीच द्यायचा नाही.

मग कोंबड्या जाळीआड, कुत्रा 30 फुटांवर. वेळ सकाळची, कोंबड्यांचं दाणापाणी झाल्यावर आणि कुत्रा फिरून आल्यावर. संध्याकाळी कोंबड्या वर बसायला फडफडतात, ती वेळ टाळा. त्याची नजर कोंबडीवर गेली की सेकंदभरात नाव घ्या. वळला की तुकडा. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, बस्स. दहापैकी आठ वेळा तो हाकेशिवाय स्वतःच वळून तुमच्याकडे बघू लागला की तीन फूट पुढे सरका.

इथे कुत्र्याचं अंग वाचता आलं पाहिजे. तोंड सैल, जीभ बाहेर, शेपटी हलती, मधेच जमीन हुंगतोय, जांभई देतोय: ठीक चाललं आहे. पण उघडं तोंड अचानक मिटलं, कान पुढे आले, पुढचा एक पाय हवेत थबकला, शेपटी काठीसारखी ताठ झाली आणि मांड्या बारीक थरथरू लागल्या, तर तुमच्या हातात एक-दोन सेकंदच आहेत. ओरडू नका. पट्टा न झटकता त्याला वळवा आणि दहा फूट मागे या. अंतर कमी पडलं, एवढाच त्याचा अर्थ.

जाळीला टेकूनही तो निवांत राहू लागला की घरातल्या कुणीतरी आत जाऊन 'ती ती ती' करत दाणे फेकावेत. कोंबड्या धावतील, भांडतील, एखादी पंख झाडेल. खरी कसोटी ही. ती आठवडाभर रोज पार पडली, तरच कोंबड्या मोकळ्या सोडा आणि कुत्रा पट्ट्यावर, गोणपाटावर. सुरुवात दोन जुन्या, शांत कोंबड्यांनी. पिल्लांची खुडूक कोंबडी किंवा तापट कोंबडा नको. पायाच्या काट्याने कुत्र्याचा डोळा जाऊ शकतो. दोन आठवड्यांनी पट्टा काढून पंधरा फुटी दोर जमिनीवर लोळत ठेवा, म्हणजे पळाला तर पाय ठेवता येतो. हा दोर किमान महिनाभर.

मोठ्या कुत्र्याला या सगळ्याला तीन-चार महिने लागतात. पिल्लाबाबत वय मोजा: आठ ते चौदा महिन्यांच्या काळात शहाणं वाटणारं पिल्लूही एके दिवशी खेळता खेळता कोंबडी मारतं. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत त्याला कोंबड्यांत एकटं सोडू नका. दोन कुत्री असतील तर प्रत्येकाला वेगळं शिकवा. एकेकटी गरीब असलेली कुत्री जोडीने धावली की आवरत नाहीत. कोंबडी कापताना कुत्रा घरात बांधा. आतडी आणि पंख त्याला घालू नका.

मेलेली कोंबडी गळ्यात बांधायची जुनी पद्धत सोडून द्या. दोन दिवस तो कुजका वास वागवून कुत्र्याला कळत काहीच नाही, रोगाची भीती मात्र असते. मारणं आणि विजेचा धक्का देणारा गळपट्टा त्याहून वाईट: दुखलं तेव्हा समोर कोंबडी होती, एवढंच तो लक्षात ठेवतो आणि तुमच्या पाठीमागे तिच्यावर राग काढतो.

कोंबडी तोंडात सापडलीच तर ओढू नका, पकड घट्ट होते. हार्नेस धरून कुत्रा स्थिर ठेवा, नाकाशी खाऊ धरून 'सोड' म्हणा. मग त्याला बांधून कोंबडीकडे वळा. दाताची जखम वरून दिसते त्यापेक्षा खोल असते. मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, पातळ केलेलं पोविडोन आयोडीन लावा, अंधाऱ्या खोक्यात किंवा डालग्याखाली शांत ठेवा आणि पशुवैद्यकाला दाखवा. कुत्र्याची शिकवणी दोन पायऱ्या मागून पुन्हा सुरू करा.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर अशा उसाच्या पट्ट्यात राखणीचा कुत्रा रात्री बाहेर साखळीला बांधू नका. बिबट्यासाठी तोच सोपा घास ठरतो. रात्री तो पडवीत, बंद दाराआड हवा. तिथून भुंकला तरी राखण होते.

तीन महिन्यांचं पिल्लू झालं की रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी, शिवाय नियमित जंतनाशक, कारण कोंबड्यांची विष्ठा तो खाणारच. त्याहून धोक्याचं म्हणजे पोल्ट्रीचं तयार खाद्य. रक्ती हगवण टाळायला काही खाद्यांत मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते चालतं, पण कुत्र्याच्या पोटात जास्त गेलं तर पायातली शक्ती जाऊ शकते. खाद्य झाकणाच्या पिंपात ठेवा आणि सांडलेला दाणा संध्याकाळी झाडून घ्या.