बॉक्सिंगच्या १४० पाउंड वजनगटात दोन तगडे कंटेंडर (बेल्टचे दावेदार) समोरासमोर आले तर कोण जिंकेल, यावर वाद घालायची रीत

सगळ्यात आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या. "ही फाइट होणार का" आणि "झाली तर कोण जिंकणार" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि निम्मी भांडणं हे दोन्ही एकत्र कालवल्यामुळेच होतात. एक जण म्हणतो अमुकचा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ पंच) भारी आहे, तो आरामात जिंकेल, दुसरा लगेच म्हणतो अरे पण तो सहीच करत नाहीये, घाबरतोय, झालं, तिथून पुढे बॉक्सिंगवर कोणी बोलतच नाही, नुसती एकमेकांची लायकी काढणं सुरू.

होणार का याचं उत्तर रिंगमध्ये नसतं, ते कॉन्ट्रॅक्टमध्ये असतं. दोघांचा प्रमोटर (फाइट भरवणारा) एकच आहे का, दोघं एकाच ब्रॉडकास्टरकडे लढतात का, कोणाच्या मागे मँडेटरी चॅलेंजर (संघटनेने नेमून दिलेला, टाळता न येणारा दावेदार) लागलाय का, एवढं बघितलं तरी बऱ्यापैकी अंदाज येतो. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा बेल्ट देणाऱ्या चार संघटना, प्रत्येकीचं रँकिंग वेगळं, त्यामुळे दोघंही "नंबर दोन" असू शकतात आणि तरी त्यांचा रस्ता कुठेच एकत्र येत नाही. एखाद्या संघटनेने फाइट लावून दिली आणि प्रमोटरांचं आपसात जमलं नाही तर पर्स बिड होतं, जो मोठी बोली लावेल तो फाइट भरवतो, आणि मग ती कुठल्या शहरात होणार हेही बहुतेक वेळा तोच ठरवतो. "घाबरतोय" हे कारण मी तरी सगळ्यात शेवटी धरतो.

आता खरा मुद्दा, कोण जिंकेल. इथे बहुतेक जण रेकॉर्ड काढून बसतात, हा २४-० (२४ जिंकल्या, एकही हरला नाही), तो २६-१. रेकॉर्डवरून फार तर कोणाकोणाशी लढलाय ते शोधायला सुरुवात होते, बाकी काही नाही. आणि त्याहून फसवा प्रकार म्हणजे त्रिकोण, याने त्याला हरवलं, त्याने तिसऱ्याला हरवलं, म्हणजे हा तिसऱ्याला हरवणारच. याच वजनातलं उदाहरण घ्या. जोश टेलरने २०१९ मध्ये लंडनला रेजिस प्रोग्रेसला मेजॉरिटी डिसिजनने (दोन जज टेलरच्या बाजूने, तिसऱ्याच्या कार्डवर बरोबरी) हरवलं. मग २०२२ मध्ये ग्लासगोला जॅक कॅटरॉलविरुद्ध टेलरलाच स्प्लिट डिसिजन (दोन जज एकाच्या, तिसरा दुसऱ्याच्या बाजूने) मिळालं, ज्यावर लोक अजून भांडतायत कारण कॅटरॉलने आठव्या राउंडला त्याला खाली पाडलं होतं. २०२४ मध्ये कॅटरॉलने लीड्सला टेलरला हरवलं, त्याच वर्षी प्रोग्रेसलाही हरवलं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत मँचेस्टरला आर्नोल्ड बार्बोझाकडून स्प्लिट डिसिजनने हरला. आता लावा त्रिकोण, काय लावायचा तो. वय, तारीख, शहर, स्टाइल, सगळं मध्ये येतं.

मग बघायचं काय? माझं म्हणणं एकच आहे, फाइट कुठल्या अंतरावर होणार आणि ते अंतर कोण ठरवणार. लांबून, मधल्या टप्प्यात की अंगाला अंग लावून. दोघंही स्किल्ड असले की "कोण जास्त चांगला" हा प्रश्न फारसा उपयोगाचा राहत नाही, कारण प्रत्येक जण आपापल्या अंतरावर चांगलाच असतो. कोण दुसऱ्याला त्याच्या नावडत्या जागी उभं करतो हे शोधायचं.

त्यासाठी हायलाइट्स बंद करा. हायलाइट्समध्ये पंच दिसतात, पाय दिसत नाहीत. पूर्ण फाइट लावा, कॉमेंटरीचा आवाज बंद, आणि एकदा तरी फक्त पायांकडे बघत बसा, कंटाळा येईल पण बघा. पुढे येणारा बॉक्सर असेल तर तो रिंग कापतो की नुसता समोरच्याचा पाठलाग करत चालतो? कापणारा तिरका, बाजूला पाऊल टाकून समोरच्याला दोरीकडे नेतो, नुसता पाठलाग करणारा मात्र जॅब खात गोल गोल फिरत राहतो आणि त्याचे फॅन म्हणतात बघा किती प्रेशर करतोय. मागे जाणारा असेल तर तो सरळ रेषेत मागे जातो की वळसा घेऊन बाहेर पडतो, आणि मुख्य म्हणजे नेहमी एकाच बाजूला बाहेर पडतो का? तसं असेल तर समोरच्याचा हुक (हात वाकवून बाजूने मारलेला पंच) तिथेच वाट बघत असणार.

२००५ ची रिकी हॅटन आणि कोस्त्या झू यांची फाइट यासाठी बघण्यासारखी आहे. झूचा उजवा हात भयंकर होता, २००१ मध्ये त्याने झॅब जुडाला दुसऱ्याच राउंडला उडवलं होतं आणि तेही पहिला राउंड जुडाच्या स्पीडने गाजवल्यावर. पण त्या उजव्या हाताला जागा लागायची. हॅटनने ती जागाच दिली नाही, चिकटून राहिला, ढकलत राहिला, शरीरावर मारत राहिला, आणि अकराव्या राउंडनंतर झूच्या कॉर्नरने (म्हणजे त्याच्याच ट्रेनरच्या टीमने) फाइट थांबवली. फाइट मँचेस्टरला होती, हॅटनच्या घरच्या पब्लिकसमोर, अमेरिकन टीव्हीसाठी रात्री दोनच्या सुमारास सुरू झालेली, आणि झू पस्तिशीत होता. हे सगळं वादात आणा, पण मुळात अंतर कोणाचं होतं ते आधी सांगा.

एक जण ऑर्थोडॉक्स (डावा हात-पाय पुढे) आणि दुसरा साउथपॉ (उजवा हात-पाय पुढे, डावखुऱ्यांसारखा) असेल तर पायांचा हिशोब अजून महत्त्वाचा. दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात, पुढचे हात एकमेकांत अडकतात त्यामुळे जॅब सरळ जात नाही, आणि ज्याचा पुढचा पाय बाहेरच्या बाजूला पडतो त्याच्या मागच्या हाताला सरळ रस्ता मिळतो. म्हणून "साउथपॉ आहे म्हणून अवघड जाईल" एवढंच बोलून थांबू नका, याआधी डावखुऱ्यांशी लढताना याचा पाय कुठे पडत होता ते बघून या. अजून एक, अशा जोडीत डोकी आपटतात. २०११ च्या जानेवारीत टिमोथी ब्रॅडली आणि डेव्हन अलेक्झांडर, दोघंही अपराजित, सगळ्यांनी मोठ्या अपेक्षेने वाट बघितलेली फाइट, आणि दहाव्या राउंडला डोक्यांच्या टकरीमुळे थांबवून निकाल स्कोअरकार्डवर लावावा लागला, ब्रॅडली जिंकला. कागदावर ड्रीम मॅच वाटणारी फाइट रिंगमध्ये कुस्तीसारखी होऊ शकते, हे वाद घालताना कोणीच धरत नाही.

पुढचं, जिंकणं म्हणजे काय ते आधीच ठरवून घ्या. जास्त राउंड घेणं आणि जास्त डॅमेज करणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १९९० ची हुलिओ सेसार चावेझ आणि मेल्ड्रिक टेलर यांची फाइट याच वजनातली. टेलर दोन जजांच्या कार्डवर बराच पुढे होता, पण मार त्याला जबरदस्त बसत होता, आणि बाराव्या राउंडची फक्त २ सेकंद बाकी असताना रेफरीने फाइट थांबवली. टेलर राउंड घेईल म्हणणाराही बरोबर होता आणि चावेझ त्याला मोडेल म्हणणाराही. तुमच्या वादात दोघं असेच दोन वेगळ्या गोष्टी बोलत असाल तर रात्रभर बोलाल.

आणि राउंडचा हिशोब खरंच पेनाने करा, गंमत येते. १० पॉइंट सिस्टिममध्ये राउंड साधारण १०-९ (जिंकणाऱ्याला १०), नॉकडाउन असेल तर बहुतेक वेळा १०-८. २०२१ मध्ये जोश टेलरने होसे रामिरेझला हरवून चारही बेल्ट घेतले, तिन्ही जजांनी ११४-११२ दिलं. टेलरने सहाव्या आणि सातव्या राउंडला त्याला पाडलं होतं. आता मांडा, दोघांना सहा सहा राउंड, त्यात टेलरचे दोन १०-८, बरोब्बर ११४-११२ येतं. ते दोन नॉकडाउन काढा, ११४-११४, ड्रॉ. त्यामुळे "एकमताने जिंकला म्हणजे सहज जिंकला" असं कोणी म्हणालं की हा हिशोब पुढे ठेवा.

वजनाबद्दल थोडक्यात. लिमिट १४० पाउंड म्हणजे ६३.५ किलो, पण वजन आदल्या दिवशी होतं आणि रिंगमध्ये येईपर्यंत माणूस बराच भरलेला असतो. खालून १३५ मधून आलेला आणि वरच्या वजनाचं शरीर कसंबसं १४० मध्ये बसवणारा, हे दोघं समोर आले तर शेवटच्या चार राउंडना कोणाचे पाय जड होतात ते त्यांच्या जुन्या फाइटमध्ये शोधा. वजन चुकवण्याची (लिमिटपेक्षा जास्त वजनाने येण्याची) सवय आहे का तेही बघा.

आता तो एक जण, प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, जो म्हणतो "त्याचा एकच पंच पुरेसा आहे". त्याला हसू नका. डेव्हिन हेनीने २०२३ च्या डिसेंबरमध्ये प्रोग्रेसला तिन्ही कार्डवर १२०-१०७ ने धुतलं, म्हणजे एकही राउंड दिला नाही, आणि चारच महिन्यांनी रायन गार्सियाच्या डाव्या हुकने त्याला तीनदा खाली बसवलं. त्यात गार्सिया ३.२ पाउंड जास्त वजनाचा आला होता आणि नंतर डोप टेस्टमध्ये सापडल्यामुळे निकाल नो कॉन्टेस्ट (कोणीच जिंकलं-हरलं नाही असा) झाला, हेही सांगायलाच लागतं, अर्धं उदाहरण देऊ नका. पण जोरदार पंच मारणाऱ्याच्या फॅनला एक प्रश्न विचाराच, तो पंच कुठल्या हाताचा, आणि समोरचा नेमकी कुठली चूक करताना तो बसणार? "जॅब मारून डावा हात खाली आणतो तेव्हा वरून उजवा" असं काही उत्तर आलं तर त्याच्याकडे मुद्दा आहे, नुसतं "पॉवर आहे" आलं तर चहा सांगा आणि विषय बदला.

शेवटी आपलं मत लिहून टाका, आणि "अमुक जिंकेल" एवढंच नको. कसं, ते लिहा. उदाहरणार्थ, "पहिले चार राउंड अ चे, लांबून जॅबवर. पाचव्यापासून ब शरीरावर मारायला लागेल, आठव्यानंतर अ चे पाय थांबतील, तरी अ ११५-११३. ब ने पहिल्या तीन राउंडमध्येच त्याला दोरीवर नेलं तर माझं चुकलं." ही शेवटची ओळ सगळ्यात कामाची, कशाने आपलं मत बदलेल ते आधीच सांगितलेलं असलं की समोरचाही जरा नीट बोलायला लागतो. हे फाइट ठरायच्या आधी लिहा, पोस्टर यायच्या आधी, कारण एकदा प्रेस कॉन्फरन्समधली ढकलाढकली सुरू झाली की जो जास्त ओरडला तोच जिंकणार असं वाटायला लागतं.

आणि फाइट खरंच झाली तर प्रत्येक राउंडची बेल वाजली की लगेच आपला स्कोअर टाका, रिप्ले यायच्या आत, आणि मागचा राउंड परत खोडायचा नाही. जजांची कार्डं वाचून झाल्यावर "मी पण तेच म्हणत होतो" हे चालणार नाही हे सगळ्यांनी आधीच कबूल करून ठेवा.