सेसना १७२ विमान: डाव्या मॅग्नेटोवर आरपीएम २०० ने पडायचे
इंदूरला १०० तासांच्या तपासणीनंतर रन-अपला (जमिनीवरची इंजिन चाचणी) १७०० आरपीएमवर फक्त डावा मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारा; इंजिनाला असे दोन असतात) ठेवला की आरपीएम २०० ने पडू लागले (मर्यादा १२५), इंजिन थडथडायचं. मिक्स्चर लीन करून (इंधन कमी करून) प्लगवरची घाण जाळली, प्लग काढून धुतले. तीन दिवस फुकट, डोकं उठलं नुसतं.

मग थंड इंजिन फक्त डाव्या मॅग्नेटोवर अर्धा मिनिट चालवलं, मिक्स्चर ओढून बंद केलं, किल्ली खिशात घातली (तरी प्रोपेलर कधीही फिरेल असंच समजायचं). चारही एक्झॉस्ट पाइपांवर पाणी शिंपडलं. तीन चरचरले, तिसऱ्या सिलिंडरचा गप्प, म्हणजे तो थंडच, पेटत नव्हता. त्याच मॅग्नेटोची त्या सिलिंडरची लीड (प्लगकडे जाणारी तार) उघडली, तर टोकाच्या नळीला केसाएवढी चीर. नट आवळताना आमच्यापैकीच कुणीतरी लीड धरली नव्हती, ती पिळली गेली. लीड बदलली, तिचा एल्बो (टोकाचा वाकडा भाग) धरूनच नट आवळला. आता ड्रॉप ६०.