मोबाइलला कॅमेऱ्याची लेन्स लावताय? या चुका टाळा

डेप्थ ऑफ फील्ड अॅडॉप्टर (मोबाइलपुढे कॅमेऱ्याची लेन्स बसवायचं साधन) घेतला, पुढे ५० एमएमची लेन्स, मागे मोबाइल, आणि तरी व्हिडिओ मऊ, कडांना काळपट, मध्येच धूसर? लेन्सला दोष देण्याआधी आत काय घडतं ते बघा. लेन्सची प्रतिमा आधी अॅडॉप्टरमधल्या दुधी काचेवर पडते आणि मोबाइल त्या काचेचं चित्रण करतो. म्हणजे फोकस दोन झाले: लेन्सचा दृश्यावर, मोबाइलचा काचेवर. दुसरा मोकळा सोडला की सगळं बिघडतं.

मोबाइल ऑटोवर ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक. लेन्सचं अपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, एफ १६ पर्यंत बंद करा (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान) आणि उजळ भिंतीकडे रोखा. काचेचे बारीक कण दिसू लागतील. मोबाइलचा फोकस त्या कणांवर लावून लॉक करा, मगच अपर्चर उघडा. यापुढे फोकस फक्त लेन्सच्या रिंगने.

काच मोबाइलच्या अगदी जवळ असते, त्यामुळे आयफोन १३ प्रो आणि नंतरचे प्रो मॉडेल आपणहून अल्ट्रावाइड कॅमेऱ्याच्या मॅक्रोवर (अगदी जवळचं टिपणाऱ्या मोडवर) उडी मारू शकतात. मॅक्रो कंट्रोल बंद ठेवा आणि मुख्य कॅमेराच निवडा. थोडं झूम केलं की काळ्या कडाही जातात.

स्टॅबिलायझेशन, म्हणजे हादरे सावरणारी सोय, तीही बंद हवी. काच मोबाइलसोबतच हलते, तिच्या दृष्टीने मोबाइल स्थिरच असतो. तो नसलेला धक्का सावरायला जातो आणि चांगलं चित्र डुगडुगतं.

मिळेल ती लेन्स लावणं

अॅडॉप्टर लेन्सला वीज देत नाही. कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम इथे निरुपयोगी, कारण तिची फोकस रिंगच विजेवर चालते. निकॉनच्या जी लेन्सना अपर्चर रिंग नाही आणि बॉडीवरून काढल्या की त्या सर्वांत लहान अपर्चरवर जातात. चित्र अंधारं का, याचं उत्तर अनेकदा इथे असतं. निकॉनची ५० एमएम एफ १.८ डी किंवा जुनी रशियन हेलिओस ४४-२ घ्या. दोन्हींना हाताने फिरणाऱ्या रिंग आहेत आणि अॅडॉप्टरला कॅनन ईएफ माउंट (लेन्स अडकवायची जागा) असेल, तर साध्या रिंग-अॅडॉप्टरने त्या तिथे बसून अनंतापर्यंत, म्हणजे अगदी दूरवर, फोकस होतात. सोनी ई किंवा इतर मिररलेस लेन्सच्या नादी लागू नका, त्या लेन्सना सेन्सर फार जवळ लागतो आणि इथे त्याच्या जागी असलेली काच तितकी जवळ नसते.

उन्हात अपर्चर बंद करणं

एफ ८ च्या पुढे गेलात की काचेचे कण व्हिडिओवर वाळूसारखे दिसतात. अपर्चर एफ २ ते ४ ठेवा आणि पुढे एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा. घरात उलटी अडचण: दुधी काच बराच प्रकाश खाते, तेव्हा दिवे वाढवा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवलं की ट्यूबलाइटची लुकलुक येत नाही.

चित्र उलटं दिसणं हा बिघाड नाही. ते फिरवणारं कॅमेरा अॅप वापरा, नाहीतर एडिटिंगमध्ये १८० अंश फिरवा.

ट्रायपॉडचा स्क्रू मोबाइलच्या क्लॅम्पला लावू नका. वजन सगळं पुढे असतं, क्लॅम्प वाकतो आणि मोबाइल काचेशी तिरका होतो; मग एक कड सतत धूसर. स्क्रू अॅडॉप्टरलाच लावा, आणि लेन्स जड असेल तर १५ एमएम जाडीच्या रॉडवर आधार द्या. काचेवरची धूळ ब्लोअरने उडवा. कापड लावलंत तर ओरखडा प्रत्येक फ्रेममध्ये दिसेल.