भाड्याच्या घरातला हॉल, कमी पैशात मस्त

भाड्याच्या घरात मालक खिळा मारू देत नाही ना, मग पडद्यांपासूनच सुरू करा. आईची जुनी कॉटनची साडी घ्या, साधारण साडेपाच मीटर असते, आडवी कापली की 7 फुटी दाराचे दोन पडदे आरामात निघतात, काठ दोन्ही कडांना उभे येतात आणि उरलेल्या पदराचं कुशन कव्हर. साडी विरळ झाली असेल तर मागून जुन्या पांढऱ्या चादरीचं अस्तर लावा (आधी आईला विचारा हं!).

संध्याकाळी ट्यूब बंद, कोपऱ्यात 2700 केल्विनचा वॉर्म, म्हणजे पिवळसर उजेडाचा एलईडी, एवढ्यानेच निम्मं काम होतं. बाटलीत मनीप्लांट, देठावरची गाठ (जिथून पान फुटतं ती) पाण्यात बुडाली पाहिजे, पाणी आठवड्याने बदला. प्लास्टिकची फुलं मात्र नकोच, नुसती धूळ खातात.